छायेचे गुणधर्म

चहावर साय धरली तरी कोणी कपाला हात लावला नव्हता. शाळेला कार्यालय नव्हते, म्हणून पाहुण्यांना चौथीच्या वर्गातच बसवले होते. मुलांच्या बुटक्या बाकांवर तीन मोठी माणसे गुडघे छातीशी घेऊन बसली होती आणि त्याही अवस्थेत आपापला मान सांभाळू पाहत होती. पहिल्या बाकावर मनमाडहून आलेला प्रकाश, रेल्वेतला, कडक इस्त्रीच्या शर्टातला. त्याच्या शेजारी त्याचे मामा. समोर शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष सावळीराम. गावात परकी चारचाकी शिरलेली पाहताच ते द्राक्षबागेतली फवारणी अर्ध्यावर टाकून आले होते आणि औषधाचा उग्र वास त्यांच्याबरोबर आला होता. खिडकीपाशी छाया विधाते मॅडम उभ्या होत्या. आणि फळ्यापाशी, स्वतःच्याच वर्गात शिक्षा झाल्यासारखा, दिनेश गांगुर्डे.

सगळे भिंतीकडे पाहत होते. भिंतीवर निळ्या कार्डशीटवर दिनेशच्या वळणदार अक्षरांत लिहिले होते:

छायेचे गुणधर्म.
छाया नेहमी काळी असते.
छायेला वजन नसते.
प्रकाश अडवल्याशिवाय छाया मिळत नाही.

मामांनी शेवटची ओळ दोनदा वाचली. दुसऱ्यांदा ओठ हलवून वाचली. मग त्यांनी भाच्याकडे पाहिले, भाच्याने छपराकडे पाहिले.

दिनेश मूळचा कवितेचा माणूस. नाशिकच्या कॉलेजात त्याने मराठी घेऊन एम. ए. केले ते केवळ आधुनिक कवितेच्या ओढीने, आणि डी. एड. केले ते पोटासाठी. दिंडोरी तालुक्यातल्या या दोनशिक्षकी शाळेत तो परिसर अभ्यास शिकवी, आणि घरी परतल्यावर मुक्तछंदात धुके, काच, रिकामे फलाट यांच्याविषयी लिही. यमकाचा त्याला मनस्वी तिटकारा होता. यमक म्हणजे अर्थाला लावलेली कडी, असे तो म्हणे. न लिहिलेली ओळच कवितेत सर्वांत खरी असते, हा त्याचा लाडका सिद्धांत. दुर्दैवाने त्या सिद्धांताचा प्रयोग त्याने आयुष्यातही चालवला होता. छाया मॅडमना त्याला एक वाक्य सांगायचे होते. ज्या दिवशी त्या या शाळेत रुजू झाल्या, त्या दिवसापासून सांगायचे होते. द्राक्षांचे हंगाम येत राहिले, छाटण्या होत राहिल्या, पेट्या भरून टेम्पो पिंपळगावकडे जात राहिले. वाक्य मात्र दिनेशच्या मनात न लिहिलेल्या ओळीच्या तेजाने तळपत राहिले.

छाया मॅडम मखमलाबादकडच्या. घरची शेवंतीची आणि झेंडूची शेती. त्यामुळे सणासुदीला त्या डोळ्यांत झोप घेऊनच शाळेत येत. दिवाळीनंतर एकदा मधल्या सुट्टीत, डब्यातली मेथीची भाजी दिनेशच्या डब्याच्या झाकणात वाढता वाढता त्या म्हणाल्या, "सर, मनमाडचं एक स्थळ आलंय. रेल्वेत आहे."

हाच तो क्षण होता. वाक्य ओठांपर्यंत आले. दिनेशने घास गिळला आणि विचारले, "ब्रॉडगेज?"

"सर, मनमाडला दुसरं काय असणार?" छाया मॅडम म्हणाल्या, आणि झाकण पुढे सरकवले. मुलाचे नाव काय, हे विचारायचे दिनेशला सुचले नाही. सगळा अनर्थ त्या न विचारलेल्या प्रश्नातून उगवला.

डिसेंबरात केंद्रप्रमुख मॅडमचा निरोप आला. पुढच्या शिक्षण परिषदेत प्रत्येक शाळेने विज्ञानाचे एक कल्पक शैक्षणिक साहित्य मांडायचे. स्वस्त, परिसरातल्या वस्तूंचे, आणि मुले स्वतः हाताळतील असे. दिनेशने प्रकाश आणि सावली हा विषय घेतला. परिसरात पुठ्ठ्याची द्राक्षपेटी सोडून दुसरे काही टाकाऊ सापडत नाही. एका मोठ्या पेटीचा तळ कापून तिथे पांढरे धोतर ताणले, आत विजेरी बसवली, कार्डशीटची झाडे, बैल, टेकड्या आणि माणसे कातरली. विजेरी पुढेमागे केली की पडद्यावरची झाडे वाढत आणि आखडत. मुले पेटीभोवती अशी गोळा झाली की मधल्या सुट्टीची घंटा त्यांना ऐकू गेली नाही.

पण पेटीबरोबर एक गाणे हवे, असे निरोपात होते. गाणे, आणि तेही तालात म्हणण्याजोगे. धुक्याच्या त्या कवीने मन घट्ट करून यमकाला हात घातला.

सकाळी सावली लांब लांब,
दुपारी सावली आखडते;
ऊन जसे कलू लागते,
सावली आडवी पडते!

गाणे निर्दोष होते. दोष होता तो अध्यक्षांच्या नावात. सावळीरामांना संध्याकाळी पारावर आडवे होण्याची सवय होती; कारण गावाला ठाऊक होते आणि त्याची चर्चा करण्याचा प्रघात नव्हता. दुसऱ्याच दिवशी दिनेशच्या कानावर मैदानातून सुधारित आवृत्ती आली. मुलांनी 'सावली'चे 'सावळी' केले होते आणि पुढे मोठ्या भक्तिभावाने 'राम' जोडला होता. दिनेशला घाम फुटला. शाळेची पाण्याची टाकी, संरक्षक भिंत, पोषण आहाराचे छप्पर, सगळे अध्यक्षांच्या मर्जीवर अवलंबून होते.

छाया मॅडम त्या दिवशी प्रशिक्षणाला दिंडोरीला गेल्या होत्या. दिनेश एकटाच वर्गात बसला आणि सावलीला पर्यायी शब्द शोधू लागला. पहिलाच भेटलेला शब्द होता छाया. तो पुस्तकी होता, प्रतिष्ठित होता, आणि वरच्या इयत्तांच्या विज्ञानाच्या पुस्तकांत छापलेलाही होता. दुसरा शोधण्याची दिनेशला गरज वाटली नाही. ती दुपार त्याची विलक्षण सुखात गेली. निळ्या कार्डशीटवर तो शब्द त्याने गरजेपेक्षा मोठ्या अक्षरात काढला, त्याच्या कान्यांना नसलेले वळण दिले, आणि गाणे नव्याने रचले:

सकाळी छाया लांब लांब,
दुपारी छाया पायाशी;
अडवा थोडं प्रकाशाला,
छाया येईल उशाशी!

दुसऱ्या दिवशी छाया मॅडमनी भिंत वाचली आणि कंबरेवर हात ठेवले. "छाया नेहमी काळी असते? निदान गव्हाळ तरी लिहायचं, सर!"

"मॅडम, ते... प्रकाश सरळ रेषेत जातो, त्यामुळे..."

"वजन नसतं हे मात्र राहू द्या. आईला फोटो पाठवते. रोज म्हणते, भात कमी कर."

दिनेश कानापर्यंत लाल झाला. मग चौथीतली रोशनी पुढे येऊन गाणे म्हणू लागली. रोशनीला अभिनयाचे अंग होते. 'अडवा थोडं प्रकाशाला' म्हणताना तिने वाहतूक पोलिसासारखा हात पुढे केला, आणि 'उशाशी' म्हणताना जोडलेल्या तळव्यांवर गाल टेकून लाजून हसली. छाया मॅडमचे हसू तिथे थांबले.

"हे तुम्ही लिहिलं?"

"हो. मुलांसाठी."

"मुलांसाठी," त्या हळूच म्हणाल्या, आणि तास संपायला अवकाश असताना घंटा द्यायला निघून गेल्या.

शिक्षण परिषदेत छायापेटी गाजली. केंद्रप्रमुख मॅडमनी रोशनीचा व्हिडिओ काढून केंद्राच्या ग्रुपवर टाकला. तिथून तो तालुक्याच्या ग्रुपवर गेला, तालुक्यावरून जिल्ह्याच्या, आणि चांगली गोष्ट जपून ठेवण्यापेक्षा पुढे ढकलण्याची आपली वृत्ती असल्यामुळे आठवडाभरात मनमाडला पोचला. मनमाडला स्नेहल नावाच्या शिक्षिका होत्या. त्यांनी गाणे वर्गात शिकवले; त्यांची धाकटी मुलगी त्याच वर्गात होती. तिने ते घरी येऊन जेवणाच्या ताटावर हातवाऱ्यांसकट म्हटले. समोर वरणभात कालवत बसला होता तिचा मामा प्रकाश, ज्याचे छाया नावाच्या मुलीशी लग्न जवळपास ठरले होते.

मग ते प्रकाशच्या कचेरीत पोचले. प्रकाश सिग्नल विभागात होता, आणि त्या विभागाला विनोदासाठी आयुष्यात इतकी तयार सामग्री पुन्हा मिळणार नव्हती. "प्रकाशभाऊ, कुठं अडवलं?" "लाल पडलाय का?" "अरे, त्याला आउटर सिग्नललाच उभं ठेवलंय, उशापर्यंत घेईनात!" प्रकाश सज्जन होता. त्याने हे सगळे हसून घेतले. पण त्याच आठवड्यात विधात्यांच्या घरून फोन आला, "थोडं थांबा, इतक्यात सुपारी नको," आणि मग त्याला हसणे जमेना.

म्हणून शनिवारी सकाळची शाळा सुटायच्या सुमारास ती गाडी शाळेच्या मैदानात येऊन उभी राहिली होती. चहा मागवला गेला होता, आणि थंड झाला होता.

शेवटी मामांनी घसा खाकरला. "बघा सर, आपण रोखठोक माणूस. सोयरीक ठरल्यात जमा होती. अचानक यांचे वडील बोलले, थांबा. कशासाठी? काही नाय, थांबा. आन् इकडे हे गाणं आमच्या घरात, पोरीच्या तोंडी! माझ्या भाच्याला तिकडं लोक अडवून अडवून ऱ्हायले. आता आपण काय समजायचं?"

"गानं लय भारी हाय पन," सावळीराम मध्येच म्हणाले. त्यांना प्रकरण समजले नव्हते, पण शाळेची बाजू घेणे हे अध्यक्ष म्हणून आपले काम, एवढे त्यांना कळत होते. "आमची नात झोपंत म्हनती."

"भाऊ, तुम्ही थांबा. सर, एकच सांगा. हे गाणं उन्हातल्या छायेवर आहे, का या छायेवर?"

मामांचे बोट खिडकीकडे गेले. छाया मॅडमनी मान वळवली. त्यांनी प्रकाशकडे पाहिले नाही, मामांकडे पाहिले नाही. दिनेशकडे पाहिले, आणि नजर काढली नाही.

एका ओळीतून सतरा अर्थ काढणारा तो माणूस. तीन शब्दांच्या कवितेवर त्याने एकदा अख्खा निबंध लिहिला होता. त्या नजरेचा मात्र त्याने एकच अर्थ काढला, आणि तो चुकीचा होता. त्याला वाटले, त्या म्हणताहेत, मला यातून सोडवा.

दिनेशने सोडवायला सुरुवात केली. "मामा, हे शंभर टक्के विज्ञान आहे," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात असा काही जोर आला की त्याला स्वतःलाच आश्चर्य वाटले. "यांचं नाव प्रकाश आहे, हे मला आज, आत्ता, इथं कळलं. आणि मूळ गाण्यात छाया हा शब्दच नव्हता. सावली होता. मुलांना विचारा! रोशनी, इकडे ये. पहिलं गाणं कसं होतं?"

दाराआडून ऐकत उभी असलेली रोशनी आत आली. तिने प्रामाणिकपणे तेच म्हटले जे मैदानात म्हटले जात होते. 'राम' जोडून, आणि शेवटच्या ओळीला बाकावर आडवे पडून.

सगळ्यांच्या माना सावळीरामांकडे वळल्या.

"म्हंजे," ते सावकाश म्हणाले, "आडवा पडनारा तो म्या?"

"नाही भाऊ, म्हणूनच तर मी शब्द बदलला! तुमचा मान राहावा म्हणून. सावली काढली आणि छाया घातली. त्यात दुसरा काहीही, काडीचाही हेतू नव्हता."

"मंग त्ये पोरं माझ्यामागं हसत का फिरत्यात, त्ये आज कळलं!" सावळीराम उठू लागले, पण बाक इतका अरुंद होता की तोही त्यांच्याबरोबर उठला. "अन् म्या आपला खुश! म्हनलं, अध्यक्षाला पोरं लय मानत्यात!"

मामा आधी खोकल्यासारखे हसले. मग प्रकाश हसला. मग बाकात अडकलेले सावळीरामही, दुसरा इलाज नसल्यामुळे, हसले. मामांनी डोळे पुसले आणि एक शेवटची शंका काढली. "पण सर, ते उशाशी कशापायी?"

"यमक, मामा. पायाशी, उशाशी."

"दुसरं नव्हतं?"

"नव्हतं," दिनेश ठामपणे म्हणाला.

विजयाची धुंदी काही औरच असते. दिनेशने खिडक्या लावल्या, छायापेटी टेबलावर मांडली, विजेरी प्रकाशच्या हातात दिली आणि प्रयोगच करून दाखवला. प्रकाश लहान मुलासारखा रमला. "अरे वा! मी इकडं आलो की छाया तिकडं जाते!"

"शुभ बोल," मामा म्हणाले. "जवळ जा."

"जवळ गेलो की मोठी होते."

"होऊ दे. आपल्याकडं खायला कमी नाय."

सगळे हसले. खिडक्या उघडल्या तेव्हा वर्गातले वातावरण एखाद्या घरच्या कार्यासारखे झाले होते. मामांनी थंड चहाचा कप एका घोटात संपवला, त्यावरच्या सायीसकट. "झालं. गैरसमज मिटला. आमच्याकडून काही अडचण नाय. पोरी, तुझं काय? वडलांना काय कळवायचं?"

छाया मॅडमनी दिनेशकडे आता पाहिले नाही. "सरांनी इतकं स्पष्ट सांगितल्यावर माझं काय राहिलं?" त्या म्हणाल्या. "कळवा, चालेल म्हणून."

"आता कसं!" सावळीराम म्हणाले. "ह्या शाळेतून जुळलं, तर मानाचं पान आमच्याकडं. म्या सांगतो."

पाहुणे गाडीकडे गेले. छाया मॅडमना मखमलाबादला सोडून, त्यांच्या वडिलांशी बोलून मगच पुढे मनमाडला जायचे ठरले. त्यांची स्कूटी सावळीरामांच्या ओट्यावर राहणार होती. बाहेर मामा सावळीरामांना तंबाखू मळून देत होते, आणि मुले गाडीच्या काचेत आपापले दात बघत होती. छाया मॅडम पिशवी घ्यायला वर्गात परत आल्या. दिनेश पेटीतली झाडे आणि बैल एका लिफाफ्यात भरत होता.

"निभावलं, मॅडम," तो म्हणाला. त्याला शाबासकी हवी होती.

"छान बोललात. इतकं सलग बोलताना तुम्हाला मी कधी ऐकलं नव्हतं."

"वेळच तशी होती."

"म्हणजे सावळीरामभाऊंच्या जागी मी आले."

"शब्दाच्या दृष्टीने... हो."

त्यांनी डबा पिशवीत ठेवला. झाकण नीट बसले नव्हते. ते काढून पुन्हा लावले. "आणि नाव खरंच माहीत नव्हतं तुम्हाला? मनमाडच्या मुलाचं?"

"शपथेवर सांगतो. नाही."

"मला वाटलं, कुठून तरी कळलं असणार." त्या डब्याकडेच बघत होत्या. "बाबांना थांबा म्हणायला मीच लावलं होतं, सर. मला वाटलं, कुणीतरी अडवा म्हणतंय."

दिनेशच्या हातातला पुठ्ठ्याचा बैल लिफाफ्यात गेला नाही, आणि खालीही पडला नाही.

"तुमच्या कविता मला कधीच कळल्या नाहीत," छाया मॅडम म्हणाल्या. "ते धुकं, ती काच. वाचायचे, आणि वाटायचं, आपणच कमी पडतो. ही एकच कळली होती."

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. बहुधा एखाद्या पोराने आत हात घातला असावा, कारण पाठोपाठ सावळीरामांनी कुणाला तरी दम भरला. दिनेशने तोंड उघडले. इतक्या वर्षांचे ते वाक्य त्याने शोधले. ते तिथे नव्हते. कायम मनातच ठेवलेल्या वाक्याचे काय होते, हे त्याच्या सिद्धांतात कुठे सांगितलेले नव्हते. हाताला लागले ते दुसरेच काही.

"मॅडम, पायाशीला दुसरं यमक होतं."

त्या थांबल्या.

"तळाशी. छाया येईल तळाशी. मात्रेत बसत होतं. विज्ञानाच्या दृष्टीनेही तेच बरोबर होतं. मी ते आधी लिहिलं होतं आणि खोडलं. का खोडलं, ते आता सांगू?"

छाया मॅडमनी पिशवी खांद्याला लावली. दारातल्या चपला पायात सरकवल्या, रोशनीच्या सुटलेल्या रिबिनीला जाता जाता एक गाठ मारली, आणि मैदान ओलांडून गाडीकडे चालू लागल्या.